त्याच अक्षराचा शोध : फॉन्ट पाहण्याचा आणि छापून ताडण्याचा एक अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या कराडच्या डीटीपी (संगणकावर पाने लावून देण्याच्या) केंद्रात एक निवृत्त शिक्षक आले. येताना त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून एक ४८ पानांची पुस्तिका आणली होती. त्यांच्या आईला येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्या हयातीत त्यांनी वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि २००१ साली त्या आमच्याकडूनच छापून घेतल्या होत्या. त्या वेळी पाचशे प्रती निघाल्या, त्यांतली आता घरात एकच उरली होती आणि नातवंडांसाठी दुसरी आवृत्ती काढायची होती. गुरुजींनी एकच अट घातली, "अगं, कागद कोणताही वापर, मुखपृष्ठ बदल, पण आतलं अक्षर तेच हवं. आईने ते पुस्तक हातात घेतलं होतं."

ही अट ऐकताना मला ती अवघड वाटली नव्हती. आपल्याकडे फाइल असेल, फॉन्ट असेल, पाने पुन्हा लावू आणि प्लेट काढू, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या अक्षराचे नाव शोधायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत फॉन्ट दाखवणाऱ्या आणि छापून देणाऱ्या एका लहानशा प्रोग्रामने जे काम केले आणि त्या कामात मला ज्या गोष्टी नव्याने कळल्या, त्या जुन्या मराठी फाइली सांभाळून असलेल्या कोणालाही उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पुस्तिकेची मूळ पाने पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये लावलेली होती. ज्या सीडीवर ती ठेवली होती, तिच्यावर ओरखडे पडलेले असल्यामुळे पानांची फाइल उघडेना. मात्र त्याच सीडीवर मजकुराची नोटपॅडमधली साधी फाइल शाबूत निघाली. साध्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव साठवलेले नसते, त्यामुळे मजकूर हाती आला तरी तो कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केला होता, हे कळायला मार्ग नव्हता. त्या काळातला आमचा संगणक केव्हाच बंद पडला होता. त्याच्या मागच्या प्रिंटर पोर्टला मराठी सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नसे ती छोटी डबी, लावावे लागे, आणि तसे पोर्ट आजच्या संगणकांना नसतेच. सुदैवाने त्या संगणकाची हार्डडिस्क सासऱ्यांनी कापडात बांधून कपाटात ठेवली होती. ती एका केबलने नव्या संगणकाला जोडली, तेव्हा निरनिराळ्या फोल्डरांत विखुरलेल्या एकूण ६४३ फॉन्ट फाइली सापडल्या. काही आम्ही विकत घेतलेल्या संचांतल्या होत्या, काही कामाबरोबर ग्राहकांनी आणून दिलेल्या होत्या, आणि एकच फाइल तीन-तीन ठिकाणी असल्याचीही बरीच उदाहरणे होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सगळे फॉन्ट नव्या संगणकावर टाकून एकेक तपासण्याचा. तो मी लगेच सोडला, आणि त्याची दोन कारणे होती. शेकडो फॉन्ट एकदम टाकले की पाने लावण्याचे प्रोग्राम सुरू व्हायलाच वेळ घेऊ लागतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते. फाइलचे नाव आणि फॉन्टचे आतले नाव या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आतले नाव एकच असलेल्या दोन फाइली विंडोज एका वेळी नीट नांदू देत नाही, आणि दुसरी टाकताना पहिली बदलायची का, असे विचारते. ज्या फॉन्टच्या शोधात मी होते, तोच अशा बदलाबदलीत नकळत पुसला गेला असता.

विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलवर दोनदा क्लिक केले की एक खिडकी उघडते. तिच्यात वर फॉन्टचे नाव व आवृत्ती दिसते आणि खाली चपळ कोल्ह्याने आळशी कुत्र्यावरून उडी मारल्याचे ते प्रसिद्ध इंग्रजी वाक्य १२ पासून ७२ पॉइंटपर्यंत वाढत जाणाऱ्या आकारांत येते. इंग्रजीची सव्वीसही अक्षरे त्या वाक्यात येत असल्यामुळे नमुन्यासाठी ते निवडलेले आहे. छापण्याचे बटणही त्याच खिडकीत आहे. एखादा फॉन्ट पाहायचा असेल तर ही सोय पुरेशी आहे, पण ६४३ वेळा खिडकी उघडून आणि मिटून तुलना होत नाही, कारण मागचा नमुना डोळ्यांसमोरून गेलेला असतो. म्हणून मी फॉन्टव्ह्यूओके नावाचा एक छोटा, मोफत प्रोग्राम घेतला. तो संगणकावर बसवावा लागत नाही, नुसती फाइल चालवली की काम सुरू होते. आपण दिलेली एकच ओळ तो सगळ्या फॉन्टमध्ये एकाखाली एक दाखवतो, न बसवलेले फॉन्टही फोल्डर दाखवून पाहता येतात, दोन याद्या शेजारीशेजारी ठेवून ताडता येतात, आणि छापण्यापूर्वी पाने कशी दिसतील तेही आधी कळते. मला हवे होते ते एवढेच, आणि एवढेच करणारे साधन असल्यामुळे ते शिकायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

सर्व फाइली एका फोल्डरमध्ये आणल्या, अगदी तंतोतंत सारख्या असलेल्या प्रती बाजूला काढल्या आणि ५१२ उरल्या. मग नमुन्याच्या जागी मी, आपण मोबाइलवर लिहितो तशी, नेहमीची मराठी ओळ टाइप केली आणि यादी पाहू लागले. पहिले शे-दोनशे फॉन्ट डोळ्यांखालून गेले तरी अक्षर बदलेना. मथळ्यांसाठी वापरत असलेले जाड फॉन्ट, लग्नपत्रिकांसाठीचे वळणदार फॉन्ट, बातमीपत्राचे फॉन्ट, सगळ्यांपुढे तीच ओळ त्याच एका सरळ, सडपातळ अक्षरात उभी होती. फाइली खराब झाल्या असाव्यात, अशी भीती वाटून मी त्या दिवशी काम थांबवले.

दोष फाइलींचा नव्हता आणि प्रोग्रामचाही नव्हता. आज आपण टाइप करतो ती मराठी युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीची असते. त्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरे राखून दिलेली आहेत आणि ‘क’ला जो क्रमांक आहे तो जगभर ‘क’चाच असतो. माझ्याजवळचे बहुतेक जुने फॉन्ट त्याआधीच्या पद्धतीचे होते. त्या पद्धतीत फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे, त्यांतली काही संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी राखीव, आणि उरलेल्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची अक्षरे व अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. म्हणजे फाइलच्या लेखी तिथे इंग्रजी ‘ए’च आहे, फक्त त्याचा आकार काढताना ‘ए’ऐवजी एखादी मात्रा किंवा अर्धा ‘क’ काढलेला आहे. अशा फॉन्टला युनिकोडमधला ‘क’ दाखवायला सांगितला, तर त्याच्याकडे त्या क्रमांकाचे घरच नसते. अशा वेळी विंडोज मोकळी जागा सोडण्याऐवजी आपल्याजवळचा दुसरा फॉन्ट गुपचूप पुढे करते. विंडोज ८ पासून देवनागरीसाठी हे काम निर्मला यूआय हा फॉन्ट करतो. मी दोनशे वेळा पाहत होते तो एकटा निर्मला होता. फॉन्ट पाहण्याचे कोणतेही साधन वापरताना ही गोष्ट आधी माहीत असली पाहिजे, असे मला फार वाटते, कारण पडद्यावर मराठी दिसते आहे म्हणजे ती त्याच फॉन्टची आहे, असा समज सहज होतो, आणि त्या समजापायी चांगले फॉन्ट निकामी ठरवून पुसले जातात.

मग मी उलट केले. नमुन्यात इंग्रजी वाक्य टाकले. त्याबरोबर यादीचे दोन भाग आपोआप पडले. ज्या फॉन्टमध्ये इंग्रजी वाक्य इंग्रजीच दिसले ते युनिकोडचे किंवा निव्वळ इंग्रजीचे. आणि ज्यांत त्याच वाक्याच्या जागी काना, वेलांट्या, अर्धी अक्षरे, मध्येच एखादा पूर्ण ‘ज्ञ’ असा निरर्थक देवनागरी मजकूर उमटला ते जुन्या पद्धतीचे. असे जुने फॉन्ट ३८६ निघाले. युनिकोडचे फॉन्ट मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. त्यांत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला, विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचलेला मंगल होता, आणि अलीकडे आम्ही उतरवून घेतलेले मुक्त, बालू, नोटो असे खुल्या परवान्याचे फॉन्टही होते. २००१ च्या पुस्तिकेसाठी त्यांच्याकडे पाहण्याचे कारण नव्हते.

३८६ हा आकडाही मोठाच होता. तो कमी करण्याची युक्ती त्या साध्या मजकूर फाइलनेच दिली. जुन्या पद्धतीत कोणते अक्षर कोणत्या घरात बसवायचे हे फॉन्ट करणारी प्रत्येक संस्था आपापल्या सोयीने ठरवत असे, त्यामुळे एका संचात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संचात उघडला तर त्याचा अर्थच लागत नाही. खिळ्यांच्या छापखान्यात काम केलेल्या माझ्या सासऱ्यांना हे समजावून सांगावे लागले नाही. त्यांच्या काळीही प्रत्येक छापखान्यात केसमधल्या, म्हणजे खिळे ठेवण्याच्या खोक्यातल्या, कप्प्यांची मांडणी थोडी वेगळी असे आणि नवा जुळारी आला की पहिले काही दिवस त्याचा हात चुकीच्या कप्प्यात जाई. डीटीपी करणाऱ्यांना हा त्रास परिचयाचा आहे, पण माझ्या शोधात तोच उपयोगी पडला. गुरुजींच्या पुस्तिकेचा मजकूर नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या गाठोड्यासारखा दिसत होता. त्यातली एक ओळ तशीच उचलून नमुन्याच्या जागी चिकटवली, तर ज्या फॉन्टमध्ये ती ओळ वाचता येईल तेवढेच फॉन्ट त्या मांडणीचे, आणि बाकीचे सगळे एका फटक्यात बाद, असे होणार होते.

कोणती ओळ उचलायची यावर मी बराच विचार केला. मजकूर फाइलमधल्या ओळी पुस्तिकेतल्या ओळींप्रमाणेच तोडलेल्या असल्यामुळे पाने समोर ठेवून मोजत गेले की कोणते गाठोडे कोणत्या ओवीचे, हे कळत होते. मला अशी ओळ हवी होती जिच्यात ‘विठ्ठल’ असेल, ‘सासऱ्या’ किंवा ‘दुसऱ्या’ यांपैकी एखादा शब्द असेल, आणि ‘ल’, ‘श’, ‘झ’ यांतली दोन तरी अक्षरे असतील. ‘विठ्ठल’ एवढ्यासाठी, की ‘ठ्ठ’ काही फॉन्टमध्ये एकाखाली एक बसतो आणि काहींत पाय मोडून शेजारीशेजारी येतो. ‘दुसऱ्या’ एवढ्यासाठी, की ‘ऱ्य’ मधला तो आडवा, पापणीसारखा र मराठीला रोज लागतो. तो नसला तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द लिहिण्यात फरकच उरत नाही, आणि हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये तो अनेकदा नसतो किंवा नंतर चिकटवल्यासारखा दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला व वर्णलेखन यांविषयी जो निर्णय काढला, त्यातही या दोन अक्षरांच्या मराठी रूपांचा आग्रह आहे. एकाच ओळीत हे सगळे मिळेना, म्हणून अकराव्या पानावरची एक आणि तिसाव्या पानावरची एक अशा दोन ओळी जोडून नमुना केला आणि शेवटी ५, ८, ९ हे आकडे ज्या चिन्हांनी येत होते ती चिन्हे लावली.

नमुना चिकटवून यादी खाली सरकवू लागले आणि सव्वाशेव्या फॉन्टच्या आसपास अचानक स्वच्छ मराठी ओवी समोर आली. त्या क्षणी मला झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही. वीस वर्षे नुसत्या चिन्हांच्या रूपात पडून असलेला मजकूर वाचता येऊ लागला होता. शेवटपर्यंत पाहिल्यावर अशी वाचता येण्याजोगी ओळ ४१ फॉन्टमध्ये मिळाली. ते सगळे एकाच संचातले होते, म्हणजे मांडणी तीच आणि अक्षरांचे वळण मात्र प्रत्येकाचे निराळे. त्यांतले तेरा उघडच मथळ्यांचे किंवा हस्ताक्षरी वळणाचे असल्यामुळे बाजूला निघाले. उरले २८.

इथपर्यंतचे काम पडद्यावर झाले; इथून पुढचे पडद्यावर होण्यासारखे नव्हते, आणि माझा एक दिवस वाया गेला तो हे न ओळखल्यामुळे. त्या २८ फॉन्टमधली ओळ पडद्यावर मोठी करून पुस्तिकेशी ताडत बसले होते. मोठी केली की सगळेच सुबक दिसत होते आणि मूळ आकारात ठेवली की सगळेच सारखे दिसत होते. याचे कारण साध्या गणितात आहे. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर इंचाच्या सहाव्या भागात बसते. साध्या पडद्यावर एका इंचात ९६ ठिपके धरलेले असतात, त्यामुळे त्या अक्षराच्या वाट्याला उभे १६ ठिपके येतात, आणि तेवढ्यातच शिरोरेषा, तिच्यावरची मात्रा, रफार, अनुस्वार, खालचा उकार हे सारे मावायचे असते. आमच्या ६०० डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके छापणाऱ्या लेझर प्रिंटरवर त्याच अक्षराला १०० ठिपके मिळतात. पडद्यावरच्या १६ ठिपक्यांत ज्या बारकाव्यांना जागाच नाही, ते बारकावे ताडून फॉन्ट ओळखायचा हट्ट मी धरला होता. देवनागरीला वर आणि खाली जितके सोसावे लागते तितके इंग्रजीला लागत नाही, आणि म्हणूनच इंग्रजी फॉन्ट पडद्यावर पाहून निवडणारा माणूस निभावून नेतो, मराठीत मात्र कागदाला पर्याय नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

म्हणून छपाईकडे वळले. प्रोग्राममध्ये २८ फॉन्ट निवडले, आकार १६ पॉइंट ठेवला आणि छापण्यापूर्वीचे दृश्य पाहिले तर दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागणार असे दिसले. ओळींमधले अंतर कमी असल्यामुळे काही फॉन्टमध्ये वेलांटीवरचा अनुस्वार वरच्या ओळीला घासत होता. फॉन्टच्या फाइलमध्येच त्याची वरची व खालची मर्यादा लिहिलेली असते, आणि जुन्या फॉन्टमध्ये ती इंग्रजीच्या हिशेबाने राहून गेलेली असली की असे होते. अंतर वाढवल्यावर नमुना दोन पानांवरून चार पानांवर गेला, पण वाचण्यासारखा झाला. दुसरे म्हणजे फॉन्टचे आतले नाव आणि फाइलचे नाव एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून छापलेल्या प्रत्येक ओळीपुढे मी फाइलचे नाव पेनाने लिहून काढले. कंटाळवाणे असले तरी या कामाला दुसरा इलाज नाही, आणि ते टाळले असते तर पुढे योग्य अक्षर सापडूनही ते कोणत्या फाइलमधले, हे सांगता आले नसते.

आमच्याकडे पेस्टिंगचे जुने टेबल अजून आहे. वर दुधी काच, खाली ट्यूबलाइट. ट्रेसिंगवर निघालेले मजकूर कापून पाने चिकटवण्याच्या काळात त्यावर रात्री-रात्री काम होई. त्या काचेवर पुस्तिकेचे अकरावे पान ठेवले, त्यावर नमुन्याचा कागद ठेवला आणि एकेक ओळ मूळ ओळीवर सरकवत गेले. एकही बसेना. काही अगदी जवळ येत, पण ओळीच्या शेवटी दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहतच असे. मूळ आकार १६ नसून १५ असावा, असे समजून १५ आणि १७ पॉइंटचे नमुनेही छापले, तरीही तेच. हा फरक कुठून येतो हे शोधताना लक्षात आले की मी नमुने आधी पीडीएफ करून मग छापत होते आणि छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला होता. त्यामुळे सगळे पान थोडेसे आवळले जात होते. कागदावर १०० मिलिमीटरची रेघ छापून पट्टीने मोजली, ती ९६ भरली. म्हणजे मी ज्याला १६ पॉइंट म्हणत होते ते कागदावर साडेपंधराच्याही खाली होते. तो पर्याय बंद केला, रेघ बरोबर १०० भरली, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक नमुन्याच्या पानावर तळाला ही १०० मिलिमीटरची रेघ असतेच.

चारही पाने पुन्हा छापली. या वेळी १६ पॉइंटचे तीन फॉन्ट ओळीच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मूळ ओळीवर बसले. तीन सापडतील असे मला वाटले नव्हते. पहिल्याच्या रेषा पुस्तिकेतल्यापेक्षा बारीक दिसत होत्या आणि तेवढ्यावर मी त्याला बाद करणार होते, पण सासऱ्यांनी थांबवले. त्यांनी भिंगातून पुस्तिका पाहिली आणि सांगितले की ऑफसेटवर त्या काळच्या साध्या मॅपलिथो कागदाने शाई ओढून घेतली आहे, अक्षराच्या कडा पसरल्या आहेत, तेव्हा जाडीवरून ओळखू नकोस, अक्षरांच्या आतल्या पोकळ्यांवरून आणि जोडांवरून ओळख. ही सूचना फार मोलाची होती. लेझर प्रिंटचा नमुना आणि ऑफसेटवर छापलेले जुने पान यांची तुलना करताना रेषेची जाडी नेहमी फसवते. अक्षराची रुंदी, शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची आणि जोडाक्षरांचे वळण मात्र बदलत नाही.

मग भिंग घेऊन तिन्ही फॉन्टमधले एकेक अक्षर पाहिले. दुसऱ्या फॉन्टचा ‘झ’ वेगळा निघाला. पुस्तिकेतला ‘झ’ मराठीतला नेहमीचा होता, तर या फॉन्टमध्ये ‘भ’ला शेपूट जोडल्यासारखा जुना ‘झ’ होता. राहिले दोन. त्या दोहोंचे आतले नाव एकच होते, आवृत्तीचा क्रमांक मात्र निराळा, आणि फाइलच्या आकारात काही केबींचा फरक होता. सगळे फॉन्ट संगणकावर टाकून तपासण्याच्या पहिल्या विचाराप्रमाणे वागले असते, तर यांतला एक नक्कीच दुसऱ्याखाली गाडला गेला असता. ‘विठ्ठल’ दोहोंतही सारखाच, ‘दुसऱ्या’ही सारखाच. शेवटी आकड्यांनी निकाल लावला. नव्या आवृत्तीत ‘५’चा खालचा फराटा आखूड करून त्याला वर वळवला होता, पुस्तिकेच्या पृष्ठक्रमांकांत, पाचव्या, पंधराव्या, पंचवीसाव्या पानावर तो लांब आणि सरळ होता. खात्रीसाठी पृष्ठक्रमांकांचा वेगळा नमुना १२ पॉइंटमध्ये छापून काचेवर ठेवला. तो बसला. जुन्या आवृत्तीची फाइल, हार्डडिस्कवरच्या ‘जुने काम’ या फोल्डरमधली, हीच २००१ ची होती.

तिचा परवाना पाहणेही आवश्यक होते. तो संच आम्ही रीतसर विकत घेतलेला होता आणि त्याची पावती सासऱ्यांच्या फायलीत निघाली, म्हणून तो फॉन्ट या कामासाठी नव्या संगणकावर टाकायला हरकत नव्हती. ग्राहकांनी आणून दिलेले जे फॉन्ट त्या हार्डडिस्कवर सापडले, ते मात्र मी पाहण्यापलीकडे कुठेही वापरलेले नाहीत.

फॉन्ट हाती आल्यावर मी आणखी एक काम केले. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि मूळ पुस्तिकेशी अक्षरन् अक्षर ताडला, कारण जुन्या मांडणीतला मजकूर असाच ठेवला तर पुढच्या वीस वर्षांनी कोणाला तरी पुन्हा हाच शोध घ्यावा लागेल. बदलताना बहुतेक चुका ‘ऱ्य’च्या जागी आणि रफाराबरोबर वेलांटी असलेल्या अक्षरांत झाल्या होत्या, त्या हाताने सुधारल्या. छपाई जुन्या फॉन्टमध्येच करायची होती, तरी गुरुजींना निवड असावी म्हणून मी त्याच दोन ओव्या चार युनिकोड फॉन्टमध्येही छापून एक पान तयार ठेवले.

गुरुजी आले तेव्हा त्यांच्यासमोर सगळी पाने ठेवली. २८ फॉन्टमध्ये त्यांच्या आईच्या दोन ओव्या अठ्ठावीस वेळा छापलेल्या होत्या आणि ते त्या प्रत्येक वेळी पूर्ण वाचत खाली जात होते. घाई करायला त्यांना सांगावेसे वाटले नाही. सापडलेल्या फॉन्टपुढे मी लाल पेनाने खूण केली होती. तिथे येऊन त्यांनी जुनी पुस्तिका शेजारी धरली, थोडा वेळ दोन्हींकडे पाहिले आणि "हेच," असे म्हणाले. मग युनिकोडचे पान उचलून विचारले, "हे मोठं कसं दिसतं?" तेही १६ पॉइंटच होते. निरनिराळ्या फॉन्टमध्ये त्याच पॉइंटचे अक्षर लहानमोठे दिसते, हे मी त्यांना पट्टी लावून दाखवले; जुन्या फॉन्टमध्ये शिरोरेषेपासून पायापर्यंत साडेतीन मिलिमीटर भरत होते, तर या नव्यात जवळजवळ सव्वाचार.

त्यांची थोरली बहीण पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि पुस्तिका सर्वांत आधी तिच्या हातात जाणार आहे. तेव्हा अक्षर तेच, पण तिला वाचता येईल एवढे मोठे, असे ठरले. त्याच फॉन्टचा १७, १८ आणि १९ पॉइंटचा नमुना लगेच छापला आणि गुरुजी तो कागद बहिणीला दाखवायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी १८ वर तिच्या हातची पेन्सिलची खूण होती. १८ पॉइंटला पाने ४८ ची ५६ होतात, म्हणजे सोळा पानी तीन फर्म्यांऐवजी साडेतीन, आणि कागदाचा खर्च तेवढा वाढतो, हे मी गुरुजींना फोनवर सांगितले. ते म्हणाले, "होऊ दे," आणि त्याच संध्याकाळी मी पहिले पान लावायला घेतले.